मंतरलं पाणी अन् सरिताचा पाठ

सरिता काही जगावेगळी बाई नव्हे. लाखनीपासून आतमंदी गाव, बोडीखालच्या, म्हंजे गावतळ्याखालच्या, धानाच्या दोन बांध्या, जागेश्वरासारखा गरीब गायीवाणी नवरा, अन् जीभ अशी का कैचीनं लाजावं. शाळेत पाचवीवरी गेली, मंग वाचणं चुलीत गेलं. थे परत आलं पंचरच्या दुकानात.

हायवेवर हेमराजभाऊचं पंचरचं दुकान. सरिता सायकल घेऊन गेली, तं भाऊ ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहे, अन् बाजूले बायबल उघडं ठेवून मोठ्यानं वाचून राहिला होता. घर सोडून पळालेल्या पोराची गोष्ट.

सरिताले राहवलं नाही. "मंग बापानं घरात घेतलं का त्याले?"

"वाचून पाहा ना बाई," म्हणून त्यानं पुस्तकच पुढं सरकवलं.

तिथून थे वाचाले लागली. दर रविवारी दुकानामागच्या खोलीत चार-पाच जणं बसत. भाऊ समजावून सांगे, सरिता अक्षरावर बोट ठेवून ठेवून वाचे.

गावात बोंब झाली. नळावर बाया म्हणत, "काय व सरिते, धर्म सोडाचे किती पोते तांदूळ भेटले?"

"तुह्या घरचे उंदीर खातेत तेवढे बी नाही," सरिता म्हणे अन् घागर उचले.

सगळ्यात जास्त पेटली थे शेवंता, तिची मोठी जाऊ. रोवणीच्या, म्हंजे धान लावणाऱ्या, बायांची टोळी शेवंताच्या हातात. आज हिच्या बांधीत, उद्या तिच्या, असा आपला रिवाज. पयल्या दिवशी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नारळ फोडतेत अन् सगळ्या मिळून खोबरं खातेत. यंदा शेवंतानं खोबरं वाटत वाटत आणलं, अन् सरितापुढून हात मागं घेतला.

"हिले नोको. हिचा देव अलग, तं हिची रोवणी बी अलग."

बाकीच्या बाया खाली पाहून खोबरं चावत राहिल्या. सरिता चिखलात हात पसरून उभी, तशीच घरी आली. तिच्या बांध्या तिनं अन् जागेश्वरानं दोघांनीच रोवल्या, कंबर मोडस्तोवर.

इकडे हेमराजभाऊनं सांगून ठेवलं होतं, ज्याले वैनगंगेत बुडी घेऊन बाप्तिस्मा घ्याचा, त्यानं येशूची डोंगरावरची शिकवण सगळ्यायसमोर तोंडपाठ म्हणावी. सरिताले थे बुडी जीवापासून पाहिजे होती. पाठ बी सरसर आला. पण एका जागी येऊन बैल अडावा तशी अडे. वैऱ्यावर माया करा, असं होतं तिथं.

"भाऊ, हे मी नाही म्हणत."

"काहून?"

"खोटं होईल. शेवंताचं तोंड पाहिलं का माहं पित्त खवळते."

"म्हणूनच तं थे लिहिलं आहे, बाई."

"लिहिणाऱ्याले जाऊ नसल," सरिता म्हणाली.

मंग पावसानं दडी मारली. बोडीचं पाणी पयले सरिताच्या बांधीत येते. तिची भरली का धुऱ्यातली वाट फोडाची, मुही म्हणतेत तिले, तं खाली शेवंताच्या बांधीत उतरते. सरिताची बांधी तुडुंब, अन् खाली शेवंताची भेगाळली. तिचे पऱ्हे, धानाचे कोवळे रोपं, रोवणीवाचून पिवळे पडून राहिले होते.

"मुही फोडू नोको," जागेश्वर म्हणाला. "येऊ दे नाक घासत."

सरिताले बी तसंच वाटे. गोड गोड वाटे. पण पाठ अडला होता ना! सकाळी फावडं घेऊन निघाली. माया नाही येत तं नाही, निदान पाणी तं सोडू, मंग पाहू ओळ तोंडातून निघते का. तोंडातल्या तोंडात पाठ घोकत घोकत तिनं मुही फोडली.

खालून शेवंतानं पाहिलं. फावडं चालून राहिलं, अन् ओठ बी हालून राहिले.

"अवं माय व! पाणी मंतरून सोडून राहिली!"

धावत आली अन् चिखलाचे गोळे टाकून मुही बुजवली. सरितानं फोडली. तिनं बुजवली.

"तुह्या येशूचं पाणी माह्या धानाले नोको! वाळलं तं वाळलं!"

"अवं, पाणी बोडीचं आहे!"

"मंग ओठ काहून हालत होते?"

"पाठ म्हणत होतो!"

"तोच तं मंतर!"

सरिता पुन्हा वाकली, तं शेवंतानं चिखलाचा गोळा तिच्या टाळक्यात हाणला. मंग सरिताची जीभ सुटली. शेवंताच्या माहेरापासून सुरू झाली थे तिच्या पोराच्या लग्नात गायब झालेल्या लुगड्यावरी आली. "तुह्या तोंडात किडे पडो भवाने, तुही राख होवो!"

शेवंता थबकली. हातातला गोळा खाली टाकला.

"हाव! ही तं आपलीच सरिता. मंतर टाकणारी बाई अशा शिव्या देत नाही." अन् बाजूले सरकून पाणी खाली उतरू देलं.

सरिता धुऱ्यावर मट्टकन बसली. पाणी गेलं, पण शिव्यायसंगं मायेची ओळ हातची गेली.

रविवारी भाऊनं विचारलं, "म्हणतं का आज, बाई?"

"आज नाही."

"मंग बुडी?"

"वैनगंगा कुठं पळून चालली?" सरिता म्हणाली, अन् पुस्तक पयल्या ओळीपासून उघडलं.

दुसऱ्या दिवशी शेवंताच्या बांधीत रोवणी लागली. बाया सरिताच्या दारावरून गेल्या, कोणी हाक देली नाही. दुपारी पाणी कमी पडलं तं सरिता फावडं घेऊन गेली अन् मुही अजून रुंद केली. शेवंता खालून टक लावून पाहून राहिली होती. सरितानं दात दातावर घट्ट दाबले, ओठ बिलकुल हालू देले नाही. हालले असते तं शेवंतानं मंतर समजून मुही पुन्हा बुजवली असती.