थांबायला कुणी सांगितलं होतं?

दादा गेल्याचं जयेश शाहला कुणी कळवलं, ते मला अजूनही ठाऊक नाही. आम्ही तर नाही कळवलं. पण त्या सकाळी भाईंदर पूर्वेच्या आमच्या घरी सगळ्यांत आधी आला तो त्याचा हार. पांढऱ्या शेवंतीचा, दोन माणसांनी धरून जिना चढवावा लागेल एवढा. मागोमाग तो स्वतः आला. दारातच रडला आणि जमलेल्या शेजाऱ्यांना म्हणाला, "आमचा गुरू गेला." आई भिंतीला टेकून बसली होती. तिने मला हळूच विचारलं, "हा तोच ना?" मी म्हटलं, "हो, तोच." आईने मान फिरवली. गेली दोन-अडीच वर्षं हा माणूस दादाशी एक शब्द बोलला नव्हता. भाजीबाजारात समोरासमोर आले तरी हा दुधी निवडत उभा राहायचा... आणि आता गुरू!

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ सुधीर. फोर्टातल्या एका विमा कचेरीत कारकून. चाळिशीसुद्धा गाठली नाही त्याने. कावीळ झाली, उतरली असं वाटलं आणि उलटली. त्या पावसाळ्यात भाईंदरमध्ये एकेका बिल्डिंगीत दोन-दोन माणसं पिवळी पडली होती. टँकरचं पाणी उकळून प्या, असं जिन्याजिन्यातून सांगत फिरणारा दादाच काविळीला बळी पडला. याला काय म्हणायचं? नशीब म्हणायची माझी तयारी नाही. इमारती आधी उभ्या केल्या, पाण्याचं नंतर बघू म्हणाले, याला नशीब म्हणत नाहीत.

गिरगावातल्या दोन खोल्या सोडून आम्ही इथे आलो ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. बाबा नुकतेच गेले होते. मोटारींच्या शर्यतीचं वेड दादाला त्याआधीच लागलं होतं, आणि तेही आमच्यासारख्या घरात, जिथे सायकलसुद्धा भाड्याची! फोर्टच्या फुटपाथवर जुनी विलायती मासिकं मिळायची, ती तो जेवणाच्या सुट्टीत धुंडाळायचा. मासिक हाती येईपर्यंत त्यातली शर्यत होऊन कित्येक महिने झालेले असायचे, पण दादा ते असं वाचायचा की जणू निकाल अजून लागायचाय. विजेत्यांबद्दल तो फारसं बोलायचा नाही. त्या काळी मैदानात गाड्याच इतक्या असायच्या की सगळ्यांत दुबळ्या संघांना शुक्रवारी सकाळी एक वेगळी चाळणी पार करावी लागे. ती पार केली तरच खऱ्या पात्रता फेरीत उतरता यायचं. "बघ नले," तो मला सांगायचा, "हजारो मैल गाडी घेऊन यायचं, सकाळी तासभर चालवायची, आणि बाकीच्यांचा दिवस सुरू व्हायच्या आत सामान बांधून घरी. पुढच्या वेळी पुन्हा यायचं. का येत असतील गं?" मुलगी बघायला गेलो होतो तिथेही त्याने हीच गोष्ट मुलीच्या वडलांना पोह्यांच्या बशीवर रंगवून सांगितली. ते स्थळ तिथेच संपलं. पुढची दोन स्थळंही साधारण अशीच संपली. दादा काही संत नव्हता. समोरचा कंटाळलाय हे त्याला दिसायचं, तरी थांबता यायचं नाही.

केबल आली आणि दादाला माणसं मिळाली. जयेशचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना, स्टेशनजवळ मोठा फ्लॅट आणि त्यात तेव्हा आम्ही कुणी पाहिला नव्हता एवढा टीव्ही. दुसरा हरेश्वर पाटील, भाईंदरजवळच्या डोंगरी गावचा. त्यांच्या घरची पूर्वी मिठागरं आणि भाताची खाचरं, आता हरेश्वर टेम्पो चालवायचा. रविवारी संध्याकाळी हे तिघे आणि आणखी चारपाच जण जयेशकडे जमायचे. मी पण जायची. शाळेत मी गणित शिकवते, त्यामुळे सेकंदांच्या बेरजा-वजाबाक्या माझ्याकडे असायच्या. जयेशची बायको गरम फाफडा आणून ठेवायची. ती तीन-चार वर्षं दादा मी कधी पाहिला नव्हता इतका सुखात होता. हे मान्य करायला हवं... आणि ते सुख त्याला जयेशच्याच घरात मिळालं, हेही.

मग शहाण्णवचा मोसम आला आणि नियम बदलले. तोवर शुक्रवार आणि शनिवार अशा दोन्ही दिवशी पात्रतेची वेळ नोंदवली जायची आणि दोन्हींतली चांगली ती धरायची. आता फक्त शनिवारचा एक तास. शिवाय सगळ्यांत वेगवान गाडीच्या वेळेच्या एकशे सात टक्क्यांच्या आत जो नाही, त्याला शर्यतीत जागाच नाही. त्या मोसमातल्या एका रविवारी जयेशच्या हॉलमध्ये शर्यत कुणी बघितलीच नाही. दादा उभा राहून बोलत होता. "शुक्रवारी इंजिन बसलं, तर शनिवार असायचा. माणसाला दुसरा दिवस नको? आणि हे एकशे सात टक्के! जे आधीच मागे आहेत त्यांना दारातच अडवणार? मग ते पुढे येणार कधी?"

"सुधीरभाई, तू पण ना!" जयेश हसत होता. "एक तास, सगळे एकसाथ, जो तेज तो आत. काय थ्रिल येईल बघ! शुक्रवारी कोण बघतंय? आणि स्लो गाडी मध्ये आली तर पुढच्याचा जीव जातो. त्याचा विचार कर ना."

जयेशचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. आज लिहितानाही मला तसं वाटत नाही. हरेश्वर तेवढं म्हणाला, "पैशेवाल्यांचा खेळ हाय, पैशेवालेच नियम करनार. आपन कशाला घसा सुकवायचा?" पण दादाने मासिकात मूळ नियम वाचला होता. "त्यांनीसुद्धा एक सोय ठेवलीय," तो म्हणाला. "काही विशेष कारण असेल तर पंच एखाद्याला आत घेऊ शकतात. म्हणजे त्यांनाही माहितीय, घड्याळाला सगळं कळत नाही."

हे भांडण टीव्हीपुरतं राहिलं असतं तर दादा कदाचित शेवटपर्यंत रविवारी जयेशकडे फाफडा खात राहिला असता. पण या मंडळींनी तोवर स्वतःचीच शर्यत सुरू केली होती. स्कूटरची. डोंगरीच्या रस्त्याला हरेश्वरची खाडीकाठची खाजणातली जमीन भात निघाल्यावर पडीक असायची. तिच्यावर चुन्याच्या फक्कीने रस्ता आखून, वळणांवर वाळूची पोती रचून दरवर्षी हिवाळ्यात शर्यत व्हायची. उत्तन, पाली, मुर्धा इथली पोरं यायची. ही कल्पना दादाची, आखणी दादाची. वेळ मोजायला मी, शाळेतलं स्टॉपवॉच घेऊन. शनिवारी एक चाचणी, रविवारी सकाळी दुसरी, चांगली वेळ धरायची आणि मग सगळ्यांनी शर्यतीत उतरायचं. ज्याला त्याला वेळेनुसार रांग मिळायची, पण घरी कुणीच जायचं नाही.

पुढच्या हिवाळ्यात जयेशने प्रायोजक आणला, कुठल्याशा बिल्डरला. मंडप, कर्णे, टोप्या. आणि नवे नियम, थेट टीव्हीवरचेच. शनिवारचा एक तास आणि एकशे सात टक्के. बैठकीत दादाने दुसरी फेरी मागितली. हात वर झाले, दादा हरला. मग निदान ती विशेष कारणाची सोय तरी ठेवा, म्हणाला. जयेश म्हणाला, "त्याने भांडणं होतात. रूल म्हणजे रूल, सगळ्यांना सेम." पुन्हा हात वर झाले. हरेश्वरचाही.

त्या शनिवारी दादा सगळ्यांच्या शेवटी निघाला, कारण तोवर तो दुसऱ्यांना रांगेत लावत होता. प्रत्येकाला तीन फेऱ्या. दादाची पहिली फेरी उभ्या जागेवरून, म्हणजे सावकाशच. दुसरीला तो वेगात बांधाकडच्या वळणावर गेला आणि परत आलाच नाही. त्याच्या थोडं पुढे सुटलेला हरेश्वर तिथे घसरून पडला होता. स्कूटर अंगावर, तापलेला सायलेन्सर पोटरीवर, आणि पाय अडकलेला. माझ्या जागेवरून मला त्याचं ओरडणं ऐकू आलं. दादाने स्वतःची स्कूटर तशीच आडवी टाकली आणि त्याला बाहेर ओढला. लोक पोचेपर्यंत, हरेश्वरला मंडपात आणेपर्यंत चाचणीचा तास उलटून गेला.

दादाच्या नावावर ती पहिलीच, सावकाश फेरी राहिली. मी गणित केलं. मर्यादेच्या बाहेर.

हरेश्वरच्या पोटरीला मलम लागलं, पट्टी झाली, तो चहा प्यायला आणि उठून उभा राहिला. जयेशने कर्ण्यावरून सांगितलं की अपघात झाल्यामुळे पाटीलभाऊंना वेळ संपल्यावरही एक फेरी देण्यात येत आहे. टाळ्या झाल्या. जमीनच त्याची, त्याच्यावाचून शर्यत कशी होणार? दादा मंडपात गेला. मी शेजारीच होते. तो अगदी शांतपणे म्हणाला, "मग मलाही एक फेरी द्या. माझीही त्याच्यातच गेली."

जयेश म्हणाला, "तो पडला होता, सुधीरभाई. तू थांबलास. तुला थांबायला कुणी सांगितलं होतं?"

तिथे दहा-बारा माणसं होती. ज्यांना दादाने क्लच कसा सोडायचा ते शिकवलं होतं ती. कुणी टोपी नीट केली, कुणी घड्याळाकडे बघितलं. हरेश्वर हेल्मेटचा पट्टा लावत होता. त्याने पट्टा लावला, खाली बघितलं आणि फेरी मारायला गेला. मला आठवतं, मी स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "याची वेळ तुम्हीच मोजा." बस, एवढंच मला सुचलं.

दुसऱ्या दिवशी दादा घरी बसला असता तर मला बरं वाटलं असतं. पण बांधाच्या वळणावर धोक्याचा पिवळा झेंडा दाखवायला माणूस नव्हता, म्हणून दादा गेला. "तिथे कुणीतरी पाहिजे नले, वळण वाईट आहे." दिवसभर उन्हात, ज्या जागी त्याची शर्यत संपली त्याच जागी झेंडा धरून उभा राहिला. हरेश्वर त्याच्यासमोरून किती वेळा गेला असेल! संध्याकाळी दादाने झेंड्याची घडी करून मंडपात दिली. त्यानंतर तो पुन्हा कधी जयेशकडे गेला नाही, त्यालाही कुणी बोलावलं नाही.

पुढची वर्षं वाईट गेली. तो कडवट झाला. घरच्या लहान टीव्हीशी एकटाच भांडायचा. माझं तोवर लग्न झालं होतं, मी माहेरी आले की तेच मुद्दे, तेच दोन दिवस, तेच एकशे सात टक्के. एकदा मी चिडून म्हटलं, "दादा, त्यांना तुझी आठवणसुद्धा नाहीय रे." तो म्हणाला, "ते ठीकय. पण माझं चुकलं कुठे ते तरी कुणी सांगावं..." दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्याला ग्लानी असायची, तेव्हाही हेच. त्या खाटेपर्यंत जयेश आला नाही, हरेश्वर आला नाही. हार मात्र वेळेवर पोचला.

तेरावं झालं आणि जयेश पुन्हा आला, पिशवीतून एक चकचकीत कप घेऊन. "सुधीर स्मृती चषक, ताई. दरवर्षी देणार."

"कशासाठी?" मी विचारलं.

"चाचणीत जो सगळ्यांत फास्ट, त्याला."

मला आधी हसूच आलं. मग मी विचारलं, "आणि दुसरी फेरी? ती देणार का?"

"आता ते कसं जमणार, ताई? एन्ट्री किती वाढल्यात. आणि तो विषय आता कशाला..."

"मग नाव देऊ नका."

"नाव आम्ही प्रेमाने देतोय."

आई आतून आली. तिने कप उचलला, त्याच्या पिशवीत घातला आणि पिशवी त्याच्या हातात दिली. 

हरेश्वर त्यानंतर आला, एकटा. बसला, पाणीही घेतलं नाही. म्हणाला, "मी तवा बोलाया पायजे होतो, ताई. मी बोललो न्हाय."

"नाही बोललात," मी म्हटलं.

त्याला वाटलं असेल मी पुढे काही म्हणेन, जाऊ द्या वगैरे. मी म्हटलं नाही. मग त्यानेच सांगितलं की कपाला दादाचं नाव नको म्हणून तो जयेशकडे गेला होता. पण ती जमीन त्याने मागच्याच वर्षी विकली आणि घेणाऱ्यांत जयेशही आहे. "आता माजं कोन आयकतंय?" तो म्हणाला. मला त्याची दया आली, हे खोटं सांगणार नाही. पण ती दया फार वेळ टिकली नाही.

आता स्टेशनबाहेर यंदाच्या शर्यतीची पत्रकं लागली आहेत. कपाला नाव दादाचंच आहे. वर त्याचा फोटोही आहे, उन्हात डोळे बारीक केलेला. मी नीट पाहिला. त्याच रविवारचा आहे. झेंडा कापून टाकलाय.

आई एकटीच राहते आता. माझ्याकडे ये म्हटलं तर येत नाही. मागच्या शनिवारी मी गेले तर ती टीव्हीसमोर बसलेली, पात्रता फेरी लावून. तिला त्यातलं काहीच कळत नाही, गाड्यांचे रंगसुद्धा नीट दिसत नाहीत. पण आजारपणात दादा शेजारी पडून तिला सांगायचा म्हणे, पहिल्यांकडे सगळेच बघतात, आई, तू शेवटची गाडी शोध. तीच ती करत होती. चष्मा पुसून पुढे वाकून बसली होती. मी म्हटलं, "आई, शेवटची गाडी दाखवत नाहीत गं. कॅमेरा सगळा पुढेच असतो."

"दाखवतील," ती म्हणाली. "तासभर आहे अजून."