मीटरच्या डोळ्यातलं कुंकू

कुंकवाची नवी पुडी फोडली, वास आला, की अजून माझ्या छातीत धडधडतं. तवा लेकरू सात महिन्याचं व्हतं, त्याला दम लागायचा, लातूरच्या डॉक्टरनं वाफेची मशीन दिली व्हती अन् ती लाईटीवरच चालायची. खंडेनवमीला मी शिलाई मशीनची पूजा केली, विळ्या-खुरप्याची केली, तसं दारातल्या मीटरला बी हळद-कुंकवाचं बोट लावलं. चार रोजांनी रीडिंगवाला आला. त्यानं हातातल्या यंत्राच्या वायरीची काळी डबी मीटरला चिकटवली, काढली, परत चिकटवली. "वैनी, मीटर बोलंना गेलंय. खराब म्हनून लिहितो, मंग हे काढून नेतील, नवं बसंपातूर लाईट बंद ऱ्हाईल." आत लेकरू घरघरायलं व्हतं. कुंकू मीच लावलं म्हनावं तर सरकारी मीटर बिघडवलं म्हनून धरतील, गप बसावं तर लेकराला वाफ कशी देऊ? "दादा, मीच कुंकू लावलं वो त्याला!" मी रडतच वरडले. त्यानं वाकून बघितलं. "अवो, हे दोन बारीक डोळे हायत त्याचे, इथूनच उजेडानं आकडे सांगतंय ते. तुमी डोळ्यातच कुंकू घातलं की!" मी पदरानं खसाखसा पुसलं. त्यानं डबी परत लावली, यंत्र टुकटुक वाजलं, आकडे पळाले. "बोललं बगा!" म्हनून तो हसला. मला कुठलं हसू, मी आत पळाले अन् लेकराच्या नाकाला वाफ लावली. आता पोरगं धडधाकट हाय, गल्लीभर पळतंय, तरी रीडिंगवाला दारात दिसला की मी आदी पोराच्या छातीला हात लावून बघते.