बोरीचं मूळ गाव

ज्या जिवाला बोलता येत नाही त्यालाही आधी गाव विचारणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच, आणि ते नेमके माझे साडूच निघाले. मुरुमच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. सोयरिकीच्या बैठकीत आम्ही सगळे मुलाचं मूळ गाव विचारत असू, तेव्हा हे दारातल्या कुंडीपाशी वाकलेले असायचे. माकणीच्या धरणावर मी ऐटीत "ही आपली गावरान अडई" म्हणून बदकं दाखवली, तर म्हणाले, "आपली कुठली, पाव्हणं? शास्त्रीय नावात जावा बेट हाय तिच्या." बांधावरच्या चित्रकाच्या झुडपाच्या नावात श्रीलंका निघाली. मला शाळेतल्या शेवटच्या बाकावर बसल्यासारखं व्हायचं. ती जागा तशी माझ्या ओळखीचीच होती.

खरी ठिणगी पडली ती बोरीवरून. तुळजापूरला माझ्या दारात जुनी बोर होती, काटेरी पण गोड फळांची. चार पाहुण्यांसमोर साडूंनी सांगितलं, हिच्या नावात मॉरिशस हाय. मी उसळलो. "म्हणजे बाजारातली बोरं काय आगबोटीनं येतात?" सगळे हसले, तेही हसले. म्हणाले, "तसं न्हाय वो. नाव ठेवणाऱ्याला ती तिथं भेटली, म्हणून तिथलं नाव. ऱ्हाणं इथलंच की." एवढं समजुतीचं बोलणं मला कुठलं पचायला! पुढच्याच आठवड्यात मी बोर तोडली. गाडी लावायला जागा हवी, असं घरात सांगितलं. गाडी माझ्याकडे अजूनही नाही.

साडू दरवर्षी बोरं न्यायला डबा आणत. त्या वर्षीही आणला. बुंध्याकडे बघितलं आणि डबा पुन्हा पिशवीत ठेवला. चहाही अर्धाच घेतला.

तेव्हापासून ते माझ्याशी पाऊसपाण्याचं बोलतात, तब्येतीचं विचारतात. कुठल्या झाडाचं गाव सांगत नाहीत. ते मला फार लागतं, पण चुकलो म्हणायला जीभ वळत नाही. म्हणून मीच डिवचून बघतो. परवा एका लग्नात मंडपापाशी पंख्यासारख्या पानांचं शोभेचं झाड होतं. त्याच्या शास्त्रीय नावात मादागास्कर आहे, एवढं मी एव्हाना पाठ केलंय. तरी मोठ्यानं म्हणालो, "हे तर आपल्या तेरखेड्याकडचं झाड, व्हय ना?" आणि कान टवकारून उभा राहिलो.

त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"असंल, पाव्हणं," म्हणाले, आणि पंगतीकडे वळले.