कडकमामाची काळी पावती

कडकमामाच्या टेबलावरून सुरकुती कधी जिवंत सुटली नाही. शर्ट, चादरी, पडदे हे तर गिऱ्हाइकांचे. पण हाताला लागली तर तो नोटही इस्त्रीखालून काढायचा, आणि शेजाऱ्याने वाचून टाकलेलं वर्तमानपत्रसुद्धा. "चुरगळलेली बातमी वाचवत नाही मला," म्हणायचा. समोरचा औषधवाला रोज चिडवायचा, "अरे, एकदा स्वतःच्या कपाळावरून पण फिरव की ती इस्त्री!"

नाव कडक ते घडीमुळे. माणूस आतून नुसता कापूस.

तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली त्याची एक खोली. पुढे दुकान, मध्ये पडदा, मागे घर. बहीण गेली तेव्हा सात वर्षांची भाची एक पिशवी आणि एक रबरी बदक घेऊन या पडद्यामागे राहायला आली. तिचे वडील, म्हणजे कडकमामाचे दाजी, दुसऱ्या गावी चांगल्या हुद्द्यावर. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "तू काळजी करू नकोस, मी दर महिन्याला पाठवत जाईन." तो पहिला महिना अजून उजाडायचा आहे. दाजींनी पुढे दुसरा संसार थाटला आणि पत्ताही बदलला.

पण हे कडकमामाच्या तोंडून कोणाला कळेल तर शपथ. कोणी विचारलं की लगेच, "दाजी नियमित पाठवतात हो. माणूस लाख!" शिवाय दर वाढदिवसाला भाचीच्या नावाने वडिलांचं पार्सल यायचं. कधी फ्रॉक, कधी दप्तर, एकदा तर छत्री. आईविना पोर, निदान बाप तरी कागदात गुंडाळून का होईना, असावा, असा त्याचा हिशेब.

या भाचीला सगळी इमारत टिचकी म्हणायची, कारण बोलणं तसंच, टिचकी मारल्यासारखं. तर टिचकीला बारावीला घसघशीत गुण पडले, चांगल्या कॉलेजात रसायनशास्त्राला जागा मिळाली, फी माफीचा अर्ज केला आणि अर्ज आठ दिवसांत परत आला.

"वडील हयात, पगार भरभक्कम," कॉलेजच्या कार्यालयातल्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "आमच्या नियमात वडिलांचंच उत्पन्न धरतात."

"पण मी तर मामांकडे राहते," टिचकी म्हणाली.

"मग विशेष परिस्थितीचा अर्ज कर. नात्यात नसलेल्या दोन माणसांनी लिहून द्यायचं, की वडील तुझ्यासाठी काहीही करत नाहीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. शुक्रवारी बारापर्यंत. पालकांना घेऊन ये, आणि ही पावती हरवू नकोस, हिच्यावर अर्जाचा नंबर आहे. बारा वाजले की जागा यादीतल्या पुढच्या मुलीला."

झालं! कडकमामाला पेच पडला. ज्या तोंडाने अकरा वर्षं दाजींचे गोडवे गायले, त्याच तोंडाने आता दारोदार जाऊन सांगायचं, की दाजींनी फुटकी कवडी दिली नाही? मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी सकाळी तर त्याने एकाच चादरीला तीनदा इस्त्री केली. टिचकी बघत होती, पण तिने अवाक्षर काढलं नाही, आणि तिच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हती.

शेवटी दुपारी धुतलेल्या पडद्यांचं निमित्त काढून तो दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडे गेला. टिचकी शाळेत त्यांच्याच वर्गात होती. बाईंकडे औषधवाला चहा पीत बसला होता. म्हणजे दोन साक्षीदार एकाच खोलीत, आणि याच्या पायांना जिना उतरायची घाई.

"बाई, एक... पत्र हवं होतं."

"कसलं?"

"म्हणजे दाजी... गेले काही महिने... जरा ओढाताण असेल त्यांची..."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "अकरा वर्षांना तू काही महिने म्हणतोस? गणितात कोणी पास केलं रे तुला?"

कडकमामा पडद्यांच्या घड्या पुन्हा घालू लागला.

"त्या पहिल्या फ्रॉकचं खोकं आठवतंय?" औषधवाल्याने कप खाली ठेवला. "त्याच्यावर खोकल्याच्या औषधाचं नाव होतं. माझ्याच दुकानातून नेलं होतंस. दाजींच्या गावाला काय माझं खोकं पायी चालत गेलं?"

"आणि खोकं राहू दे," बाई म्हणाल्या. "परगावाहून टपालाने फ्रॉक येतो आणि त्याला तुझी घडी? बाही आत, कॉलर वर, चारी कोपरे असे, की बोट कापावं. अरे, नवा फ्रॉक चुरगळलेला पाठवायचा, एवढंही जमू नये तुला?"

"कसं जमेल?" कडकमामा कळवळून म्हणाला. "पोरीला चुरगळलेला फ्रॉक द्यायचा?"

दोघंही इतकी हसली की औषधवाल्याला त्याच्याच दुकानातल्या औषधाची गरज पडायची वेळ आली. मग बाईंनी टेबलाच्या खणातून दोन लिफाफे काढले. पत्रं लिहून, सह्या होऊन तयार.

"टिचकी सोमवारीच येऊन गेली. पण म्हणाली, मामा आपणहून येईपर्यंत देऊ नका, नाहीतर त्याला वाटेल मी त्याला उघडं पाडलं. उद्या सकाळी नऊपर्यंत नसता आलास तर मीच कान धरून न्यायला येणार होते."

"म्हणजे तिलाही...?"

"तिला तर इथल्या दुसऱ्याच वाढदिवसाला कळलं होतं. पार्सल उघडताना तुझं तोंड बघायला मजा येते म्हणून गप्प राहिली."

कडकमामा जिना उतरला तेव्हा त्याला पायऱ्या निम्म्याच वाटल्या. अकरा वर्षं डोक्यावर घेतलेलं गाठोडं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं! लाज वाटायला हवी होती. पण त्या रात्री कडकमामा घोरला, आणि टिचकीच्या म्हणण्याप्रमाणे सुरात घोरला.

शुक्रवारी सकाळी आनंद हातात मावेना, आणि त्याचा हात म्हणजे इस्त्री. आधी दोघांचे कपडे झाले. मग गुणपत्रिका. मग लिफाफ्यातली दोन्ही पत्रं, हलक्या हाताने. आणि शेवटी ती पावती. टिचकीने चार दिवस मुठीत धरून तिची पार वळकटी केली होती. अशी पावती घेऊन कॉलेजात जायचं? त्याने ती पसरली आणि वरून इस्त्री फिरवली.

पावती काळी झाली. डागाळली नाही, करपली नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काळी कुळकुळीत, पाटीसारखी. छपाईच्या यंत्रातून येणारा तो गुळगुळीत कागद उष्णतेने काळा पडतो, हे इस्त्रीवाल्याला कोण सांगणार? नंबर गेला, तारीख गेली. कागद मात्र एकदम सपाट.

"टिचके," तो कसाबसा म्हणाला, "तुझं कॉलेज जाळलं मी."

टिचकीने पावती उचलली, उजेडात धरली, उलटीसुलटी केली. "घडी छान बसलीय," ती म्हणाली. "चल, उशीर होतोय."

कार्यालयात चष्मेवाल्या बाईंनी हात पुढे केला. कडकमामाने मान खाली घालून काळी पट्टी त्यावर ठेवली.

"हे काय?"

"इस्त्री केली," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्या शर्टाच्या बाह्यांवरची धारदार घडी पाहिली, मग पट्टी पाहिली, आणि मग खुर्चीत मागे रेलून अशा हसल्या, की पलीकडच्या टेबलावरचे दोघे उठून बघायला आले. तेवढ्यात टिचकीने अकरा आकडी नंबर घडाघडा म्हणून दाखवला. चार दिवस ती पावती दिवसातून पन्नासदा वाचत होती. मुठीत उगीच नव्हती गेली ती.

बाईंनी आकडे दाबले. अर्ज उघडला. दोन्ही पत्रं त्यांनी सावकाश वाचली आणि कडकमामाकडे वळल्या.

"एकच विचारते, तुमच्या तोंडून हवंय. वडिलांकडून आजवर मुलीसाठी काय आलं?"

"येतं की अधूनमधून," कडकमामा म्हणून गेला. अकरा वर्षांची सवय, जीभ आपली आपणच चालली. "माणूस ला..."

टिचकीने त्याला टेबलाखालून असा चिमटा काढला, की त्याच्या पँटच्या घडीचासुद्धा बळी गेला. घड्याळात पावणेबारा.

त्याने मांडी चोळली. भाचीकडे पाहिलं. ती समोर बघत होती, आणि ओठ दाबून हसू आवरत होती.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही आलं. एक बटणसुद्धा नाही."

बोलला आणि बघतो तर छत जागेवर होतं. कोणी हसलं नाही, कोणी हळहळलंही नाही. बाईंनी एका चौकोनात खूण केली, कागद घेऊन आतल्या खोलीत गेल्या, आणि दहा मिनिटांनी शिक्का मारलेलं पत्र घेऊन आल्या. तिन्ही वर्षांची फी माफ, पुस्तकांना वेगळे पैसे. पत्राची त्यांनी नको तशी तिरकी घडी घातली आणि टिचकीच्या हातात दिलं.

घरी पोचल्यावर कडकमामाने ते पत्र टेबलावर पसरलं. बराच वेळ तो त्या तिरक्या घडीकडे बघत बसला. मग त्याचा हात आपोआप इस्त्रीच्या बटणाकडे गेला.

"मामा!"

"अगं, नुसती कोमट..."

"मामा, हात वर."

हात वर झाले. शेवटी तडजोड झाली आणि पत्र गादीखाली गेलं. भर दुपारी, दुकान उघडं टाकून, कडकमामा त्यावर आडवा झाला. कूससुद्धा बदलली नाही त्याने. वजन सगळीकडे सारखं पडायला हवं ना!