नाव सांगा, बाई

मिराला कुणी काही दुःख सांगितलं, की ती पिशवीतून एक छोटी निळी वही काढायची आणि म्हणायची, "नाव सांगा." दूध घालणारी हौसाबाई एकदा माझ्या ओट्यावर टेकली होती. तीन दिवस म्हैस वैरणीला तोंड लावत नाही, म्हणून तिचा जीव वरखाली होत होता. मिरानं वही काढली.

"नाव सांगा."

"माजं? हौसाबाई."

"तुमचं माहीत आहे. म्हशीचं."

हौसाबाईनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "चंद्री," ती म्हणाली. मिरानं ते आपल्या गोल आणि काड्यांच्या लिपीत लिहून घेतलं, खाली तारीख टाकली आणि सांगितलं, "मी चंद्रीसाठी प्रार्थना करीन." दोन दिवसांनी चंद्री खायला लागली. गुरांच्या डॉक्टरनं सुई टोचली होती ते सगळे विसरले, आणि आमच्या बेडशाच्या बाया एकमेकींना सांगू लागल्या, "त्या ताईच्या वहीत नाव घाल, लय गुण येतोय."

मिरा कोरियाची. तिचा नवरा पाद्री. कामशेतच्या बाजारपेठेमागं एका इमारतीत वरचा मजला त्यांनी भाड्यानं घेतला होता. रविवारी खालच्या हॉलमध्ये प्रार्थना, इतर दिवशी वस्तीतल्या पोरांना फुटबॉल आणि शिकवणी. हाना नावाची आठ वर्षांची मुलगी. ती महिन्याभरात आमच्या पोरांसारखी मराठी बोलायला लागली आणि आईच्या चुका चारचौघांत काढायला लागली. म्हणून आई माझ्याकडं आली. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते, पण मराठी शिकवायची खाज गेली नव्हती. आमचे हे गेल्यापासून घर खायला उठायचं, हेही खरं.

पहिल्याच दिवशी मी स्पष्ट सांगितलं, "हे बघ, माझ्या घरात तुझ्या देवाचं बोलायचं नाही. बाटवायला आली असलीस तर आत्ताच सांग." तिला 'बाटवणं' कळलं नाही. फोनवर शोधायला तिला बराच वेळ लागला. मग फोन ठेवून ती म्हणाली, "नाही. मी शिकायला आले." चहाचा कप तिनं दोन्ही हातांनी घेतला, देवळात तीर्थ घ्यावं तसा. चपला तर तिनं थेट फाटकापाशीच काढल्या होत्या. मला आवडली ती.

आणि शब्द तिनं पाळला. चार वर्षांत कधी पत्रक नाही, पुस्तक नाही, देवाचं अवाक्षर नाही. मी काही खायला दिलं की विचारायची, "बाई, हे देवापुढचं आहे का?" असेल तर हात जोडून नको म्हणायची, नसेल तर दोनदा घ्यायची. पुरणपोळी ती चार खायची. तिनं तिचं सोडलं नाही, मी माझं सोडलं नाही. आमचं छान जमलं.

घरात तिनं तिचा मुलूख थाटला होता. थंडीत ती बाजारातून गोणभर कोबी आणायची, मोठ्या टबात मीठ लावून रात्रभर ठेवायची, मग मिरची आणि लसूण चोळून बरण्या भरायची. हौसाबाई बघून आली आणि म्हणाली, "बाई, त्या ताईनं कोबीला आंगुळ घातलीया." त्या बरण्यांतली एक माझ्याकडं यायची. वास उग्र, पण भाकरीबरोबर झकास लागायचं.

भाषेपेक्षा माणसं तिला लवकर कळली. एकदा वही मिटत म्हणाली, "बाई, इथे लोक 'बघू' म्हणतात. म्हणजे 'नाही' ना?" मी हसले. म्हटलं, "शाबास. हे मी कुठल्याच पुस्तकातून शिकवू शकले नसते." त्यानंतर भाजीवाल्यानं जास्त भाव सांगितला की ती गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "बघू."

तिसऱ्या वर्षी माझी केतकी परत आली. तळेगावला दिली होती तिला. चांगलं घर, नोकरीचा मुलगा, सोसायटीत फ्लॅट. पाच महिन्यांत एका संध्याकाळी एक बॅग घेऊन दारात उभी राहिली. नवऱ्यानं हात उचलला होता. एकदा नाही. शेवटच्या वेळी तिच्या पोटात मूल होतं, ते गेलं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिनं मला शपथ घातली, "आई, कुणाला सांगायचं नाही. मामालासुद्धा नाही. मला कुणाची कीव नको." गावात आम्ही सांगितलं, केतकीचं काम आता घरून चालतं. लोकांनी मान हलवली. त्यांनी विश्वास ठेवला असं नाही, पण त्यांच्याकडे पुरावा नव्हता.

मी दोन महिने ते पोटात ठेवलं. एका दुपारी मिराची वही तपासताना मी बरोबर वाक्यावरच लाल रेघ मारली. ती म्हणाली, "बाई, आज तुमचं लक्ष नाही." इतकंच. आणि मी फुटले. सगळं सांगितलं. मार, रक्त, दवाखाना, शपथ, सगळं. ती माझ्या पायाशी जमिनीवर बसली आणि माझ्याबरोबर रडली. उठताना तिनं निळी वही काढली नाही. मी मुद्दाम पाहिलं. नाही काढली, म्हणून मला ही बाई सख्ख्या बहिणीसारखी वाटली.

केतकी दिवसभर खोली बंद करून कोरियन मालिका बघायची. हल्लीच्या पोरींना ते वेडच आहे. मिरानं ते हेरलं आणि तिला म्हणाली, "नुसतं बघतेस काय? वाचायला शीक." मग माझा तास संपला की त्यांचा तास सुरू व्हायचा. माझ्याच ओट्यावर, माझ्याच पाटीवर. मिरा हात धरून अक्षरं गिरवून घ्यायची. केतकी चुकली की दोघी खिदळायच्या. सात-आठ महिन्यांनी माझ्या घरात हसू ऐकू आलं ते मिरामुळं, हे मी आजही नाकारत नाही.

पुढच्या वर्षी एकदा केतकी त्यांच्या घरी गेली होती. मिरा अजून बाहेरून यायची होती. हानानं दार उघडलं. फ्रिजवर चुंबकाखाली एक छापील कोरियन पत्र लावलेलं होतं. त्यात केतकीचा फोटो होता, आमच्या ओट्यावरचा, पाटी घेऊन हसतानाचा. केतकीला आधी बरं वाटलं. मग सवयीनं तिनं खालचं वाचायला घेतलं.

ती घरी आली ती पत्राचा फोटो काढलेला फोन पुढं धरूनच. म्हणाली, "बस. ऐक." आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेली. 'आमच्या भाषाशिक्षिकेची मुलगी, के. नवऱ्याच्या मारानं तिचं पोटातलं बाळ गेलं. आई गावाच्या लाजेनं हे लपवते. या घरात मूर्तीपुढे दिवा जळतो, पण मनात अंधार आहे. देवानं आम्हाला या घराचं दार उघडून दिलं आहे. दोघींच्या तारणासाठी प्रार्थना करा.'

दार देवानं उघडलं म्हणे. दार मी उघडलं होतं. चहासुद्धा मीच केला होता. चार वर्षं मला एक पत्रक न देणाऱ्या बाईनं माझ्या घराचंच पत्रक करून टाकलं होतं. मी म्हटलं, "केसानं गळा कापला गं तिनं."

केतकी शांत होती. म्हणाली, "तिनं लिहिलं, आई. पण तिला सांगितलं कुणी?"

ती उठून खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली.

दुसऱ्या दिवशी मी मिराच्या घरी गेले. चप्पल न काढता आत गेले आणि पत्राकडं बोट दाखवलं. तिला लगेच कळलं. म्हणाली, "बाई, दर महिन्याला पत्र जातं. तिकडच्या आमच्या सगळ्या चर्चमध्ये. माझी आई रोज पहाटे पाचला चर्चमध्ये जाते, केतकीसाठी प्रार्थना करते. तिच्याबरोबर खूप बायका असतात. त्या रडतात. मी नाव नाही लिहिलं."

"फोटो आहे."

"तिकडे कुणी तिला ओळखत नाही."

"ती स्वतःला ओळखते. वाचायला तूच शिकवलंस."

मिरानं कपाटातून एक जाड फाइल काढली. जुनी पत्रं होती. नवऱ्याची शुगर, हाना शाळेत रडते ते, घरमालकाशी झालेलं भांडण, सगळं त्यात होतं. एक पत्र काढून तिनं दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. "हानाच्या आधी आमचंही एक बाळ गेलं. पाचवा महिना. मी अजून दवाखान्यात होते, तेव्हा पत्र गेलं होतं. आमच्याकडे असंच असतं, बाई. दुःख लपवलं तर प्रार्थना कोण करणार?"

"तुला राग नाही आला?"

"आला. मग ओळख नसलेल्या बायका माझ्यासाठी रडल्या. मग गेला."

"तुझा गेला, कारण दुःख तुझं होतं," मी म्हटलं. "हे केतकीचं होतं. मला विचारलं का नाहीस?"

तिनं पत्र परत फाइलमध्ये ठेवलं. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही. म्हणाली, "तुम्ही नाही म्हणाला असता."

म्हणजे तिला माहीत होतं. निळी वही माझ्यासमोर काढली नाही, तेव्हाही माहीत होतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. परक्या मुलखातली, रीत ठाऊक नाही, चुकली, असं म्हणून मी कदाचित सोडून दिलं असतं. पण 'बघू'चा अर्थ ज्या बाईला कळतो, तिला सगळं कळत होतं.

शिकवणी बंद झाली. पाच महिन्यांनी त्यांची इथली मुदत संपली. निघायच्या आदल्या दिवशी ती आली. चपला फाटकापाशी काढल्या, कोबीची बरणी ओट्यावर ठेवली. मी आत बोलावलं नाही. तिनं कमरेत वाकून विचारलं, "बाई, मला माफ कराल?"

मी म्हटलं, "बघू."

तिनं मान हलवली. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी होती ती, तिला अर्थ सांगावा लागला नाही. फाटकापाशी चपला घालायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मी बघत उभी राहिले, हाक मारली नाही.

केतकी आता तळेगावजवळच्या एका कारखान्यात दुभाषी आहे. कोरियन साहेब बोलतात ते कामगारांना सांगते, कामगार बोलतात ते साहेबांना. मिरानं गिरवून घेतलेल्या अक्षरांवर तिचं पोट भरतं. माझ्याशी ती नीट वागते, औषधं आणते, दर रविवारी येते. 'कसं चाललंय?' विचारलं की म्हणते, "ठीक." त्यापलीकडं काही सांगत नाही. मी मिरावर जेवढी चिडते, तेवढी केतकी माझ्यावर चिडत नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

हे लिहून झाल्यावर मी कागद केतकीच्या हातात दिले. म्हटलं, तू नको म्हणालीस तर आत्ता चुलीत घालते. तिनं उभ्याउभ्याच सगळं वाचलं. म्हणाली, "माझं चालेल. आता मला त्याचं काही वाटत नाही. पण तू तिच्या बाळाचंही लिहिलंयस. तिला विचारलंस?"

विचारलं नव्हतं. सुचलंही नव्हतं. ज्या गोष्टीसाठी मी तिला दारातून परत पाठवलं, तीच गोष्ट मी चष्मा लावून, सुवाच्य अक्षरात करून बसले होते.

केतकीकडं तिचा नंबर होता. दोन वर्षांनी मी मिराला पहिल्यांदा दोन ओळी पाठवल्या. माफीचं काही लिहिलं नाही, कारण अजून मनात ते नाही. फक्त विचारलं. तासाभरात मराठीत उत्तर आलं, एकही चूक नसलेलं. 'लिहा, बाई. माझं नाव खरं लिहा. केतकीचं लिहू नका.'

मी दोघींचीही बदलली आहेत.