तडा कुठून सुरू झाला

चोपन्नाव्या वर्षी मी अमूर्त चित्रं काढायला लागलो. ही बातमी बायकोने माहेरी फोनवर कळवली ती अशी : "ह्यांनी बाल्कनीत मारामारी सुरू केलीय."

तिचं खोटं नव्हतं. नाजूक ब्रश मला जमत नाही. मी प्लायवूडवर रंगाचे जाड थर थापतो, तारेच्या ब्रशने ओरबाडतो, पत्र्याने खरवडतो आणि तरीही मनासारखं झालं नाही तर हातोडी घेतो. दिल्लीत मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दोनदा वर येऊन गेले. "भाईसाहब, फ़र्नीचर बनवा रहे हो?" मी म्हटलं, पेंटिंग. ते विचार करत जिना उतरले.

तसं आयुष्यभर मी दुसरं केलंय काय? सरकारी प्रयोगशाळेत पोलाद तुटेपर्यंत ताणायचं आणि तुटलं की कुठून तुटलं ते सांगायचं, हीच माझी नोकरी. तुकड्याच्या तुटलेल्या तोंडावर बारीक रेघा असतात. त्या उलट्या वाचत गेलं की सगळ्या एका ठिपक्याशी येऊन मिळतात. तडा तिथून सुरू झालेला असतो. मी हे पुस्तकातून शिकलो. माझा सहायक रोहतककडचा, वयाने मोठा. तो नुसत्या नजरेने वाचायचा.

एकदा आम्ही पोलादी टाकीत पाणी भरून दाब देत होतो. आधी आतली हवा पूर्ण काढायची असते, नाहीतर कच्ची टाकी नुसती गळत नाही, स्फोट होऊन फुटते. वरचे साहेब पाहणीला येणार होते, मला घाई होती. सहायक टाकीपाशी हवा सोडायचा स्क्रू सैल करत होता, मी पंपाशी. "सर, हवा बाकी है," तो म्हणाला.

"हो जाएगा," म्हणत मी दाब वाढवला.

टाकीचा एक तुकडा छतात घुसला. दुसऱ्याने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. त्याचं रक्त माझ्या चष्म्यावर उडालं, आणि मी काय करत होतो, तर चष्मा पुसायला रुमाल शोधत होतो. रिपोर्टही मीच लिहिला : हवा काढण्यात सहायकाची हलगर्जी. त्याला स्टोअरमध्ये बसवलं. मला बढती मिळाली तेव्हा पेढे घेऊन मी त्याच्याकडेही गेलो, इतका मी निगरगट्ट. त्याने डाव्या हाताने पेढा घेतला.

माझं सगळ्यात मोठं चित्र काळं-तांबडं आहे. "बाबा, हे जरा व्हायोलंट आहे यार," लेक म्हणाली. ते पुरं झालं तेव्हा मी त्या सहायकाला घरी बोलावलं. त्याने चित्र पाहावं, समजून घ्यावं आणि मला तोंडाने काही कबूल करावं लागू नये, असा माझा बेत होता.

तो आला, पण बसला नाही. चित्राला नाक लागेल इतका जवळ गेला. उरलेल्या बोटांनी एकेक ओरखडा मागे मागे वाचत निघाला आणि उजव्या कोपऱ्यात थांबला.

"शुरुआत यहाँ से है."

मी पाहिलं. खरंच, सगळे ओरखडे तिथूनच निघाले होते. मी मुद्दाम केलं नव्हतं.

"मैं तो इधर था," त्याने डावीकडे हात केला. "उधर पंप पे आप थे."

"हाँ," मी म्हटलं.

त्याने बाल्कनीतली हातोडी उचलली. बायको स्वयंपाकघराच्या दारात जागीच थबकली. तीन बोटांच्या पकडीत घेऊन त्याने त्या ठिपक्यावर एकच घाव घातला. प्लाय उभा चिरला. मग हातोडी होती तिथे नीट ठेवली आणि म्हणाला, "पेंटिंग में तो मान लिया, सर. काग़ज़ पे कब मानोगे?"

मी जेवणाच्या टेबलावर कागद ओढला. हिंदीतच लिहिलं, त्याला वाचता यावं म्हणून. पहिली ओळ तीनदा खोडली. तो समोर उभा राहून वाचत होता.

तेवढ्यात बेल वाजली. खालचे गृहस्थ. बायकोने दार अर्धवट उघडलं.

"बस भाईसाहब," ती म्हणाली, "ठोकना हो गया. अब लिख रहे हैं."