‘बरोबर’ या शब्दाची चूक

परवा सदाशिव पेठेतील एका दुकानात विमानांच्या प्रतिकृतींसाठी वापरतात त्या बाल्सा लाकडाचा वास आला आणि थोरल्या बंधूंचे रेडिओवर चालणारे ग्लायडर आठवले. त्या काळी शहरात संगणकाच्या नोकऱ्यांचा सुकाळ होता, बंधूंचा कारखाना मात्र बंद पडला होता. एका शाळेत विमानांच्या छंदवर्गाला शिक्षक हवा होता आणि त्यासाठी मुख्याध्यापक टेकडीवर येऊन बंधूंचे उड्डाण पाहणार होते. रिमोटची घुंडी जितकी फिरवावी तितकेच दोन्ही पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली यावेत, अशी जुळणी आदल्या संध्याकाळी चालली होती. घुंडीवरची नजर न काढता बंधूंनी विचारले, “दोन्ही बरोबर उतरतात ना?” डावा बोटभर कमी उतरत होता, हे मी पाहिले होते, पण उतरतात ते योग्यच असेल, असे समजून म्हणालो, “बरोबर.” “नीट बघ, अर्जनवीस!” “दादा, कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहितो मी, शब्द हा माझा धंदा आहे.” त्यांना ‘एकसारखे’ म्हणायचे होते. दुसऱ्या दिवशी खाली येताना फ्लॅप उतरवताच ग्लायडर डावीकडे कलंडून खडकावर फुटले. मुख्याध्यापक “असू द्या” म्हणून टेकडी उतरू लागले. बंधू तुकडे वेचत राहिले. मला त्यांनी कधीच काही विचारले नाही. आजही मी कोणाच्या अर्जात ‘बरोबर’ लिहीत नाही. पक्षकार कारण विचारतात, तेव्हा तसा नियम आहे, असे सांगतो.